भिंतीआडच्या कमानी

मुकादमाने छिन्नीवर तिसरा घाव घातला, तसा गिलाव्याचा पाटाएवढा तुकडा धप्पकन खाली आला. धुरळा बसायच्या आत चिमणी गुडघ्यांवर बसली आणि भिंतीला नाक लावून बघू लागली.

"मुकादम, हे काय? इकडे दगड आणि तिकडे वीट?"

"वीट मागाहून भरलीय, बाई." मुकादमाने बोटाने हवेत एक वळण काढलं. "हा दगडी खांब. तो तिकडे दुसरा. मधे कमान होती. कुणीतरी बुजवलीय. सगळ्या भिंतीत अशा चार-पाच तरी निघतील."

दारापाशी उभ्या असलेल्या आक्काने हातातला किल्ल्यांचा जुडगा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि पुन्हा उजव्या हातात. सकाळपासून तिचं हे चाललं होतं. रविवार असल्यामुळे वर कुणी भाडेकरू नव्हता. तसेही आता उरले होते तीनच: एक दातांचा डॉक्टर, एक अनुवादाचं ऑफिस आणि वर्षातून दोनदा उघडणारी कसलीशी संस्था. चार मजल्यांची इमारत, पण संध्याकाळी सहानंतर आत चिटपाखरू नसायचं.

"म्हणजे ही भिंत वजन पेलत नाही?" चिमणीने विचारलं.

"ही कसली पेलतेय! वजन खांबांवर आहे. ही नुसती उभी आहे. पाहुण्यासारखी."

चिमणी सावकाश उठली. तिने आपल्या बापाकडे बघितलं नाही, काकूकडे बघितलं नाही, काकूच्या मुलाकडे, साहेबाकडेही नाही. तिने सरळ आक्काकडे बघितलं.

"आत्या, तू तर म्हणाली होतीस, भिंत काढली तर इमारत बसेल."

आक्का म्हणाली होती खरी. पंधराच दिवसांपूर्वी, याच जागी उभी राहून. 'अण्णांनी मला स्वतः सांगितलंय, या भिंतीला हात लावायचा नाही.' अण्णा म्हणजे आक्काचे वडील; त्यांच्या नावाने सांगितलेल्या या एका वाक्यापायी चिमणीने लोखंडी तुळया मांडल्या, टेकूंचे नकाशे काढले, ते फाडले आणि पुन्हा काढले. चिमणी भाऊची, म्हणजे आक्काच्या धाकट्या भावाची, एकुलती एक मुलगी. लहानपणी सारखी चिवचिवायची म्हणून चिमणी, आणि छत्तीस वर्षांची होऊन, लोकांच्या इमारती दुरुस्त करण्यात नाव काढूनही घरात चिमणीच. ती या रस्त्याच्या समोरच्या फूटपाथवर चार दिवस वही घेऊन उभी राहिली होती. शंभर माणसं आली, तर सत्तर माणसं इमारतीच्या कोपऱ्यावर पोचताच रस्ता ओलांडून पलीकडे जात. इथे बघायला काही नव्हतं, थांबायला काही नव्हतं, दिव्याचा उजेडही नव्हता. पन्नास पावलांची आंधळी भिंत. नगरपालिकेचं म्हणणंही तेच होतं: नूतनीकरणाला परवानगी देऊ, पण तळमजला रस्त्याकडे उघडा हवा. दुकानं करा, बाकं टाका, काहीही करा, पण भिंत नको. आणि तिन्ही मालकांच्या सह्यांचं पत्र उद्या दुपारपर्यंत पोचायला हवं होतं.

तीन सह्या म्हणजे आक्काची, तिच्या धाकट्या भावाची आणि थोरल्याच्या माघारी वहिनींची. वहिनींना इमारत विकायची होती. गाड्यांचं बहुमजली पार्किंग बांधणारे लोक त्यांच्या दारात दोनदा येऊन गेले होते. भाऊ मुलीच्या बाजूने होता. आणि आक्का? 'वरचे मजले काय हवं ते करा, खालची भिंत तशीच राहू दे,' असं म्हणत ती महिनाभर घोंगडं भिजत ठेवून होती.

"अण्णांनी तसंच सांगितलं होतं," आक्का म्हणाली.

"पण आत्या, तू चाळीस वर्षं ही इमारत सांभाळलीस. नळाचा वायसर बदलला तरी तुला माहीत असतो. इथे कमानी होत्या हे माहीत नव्हतं?"

"लग्न होऊन मी इथे आले तेव्हा भिंतच होती बाई," वहिनी मधेच म्हणाल्या. त्या घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर, धूळ लागू नये म्हणून पदर गुडघ्यांवर ओढून बसल्या होत्या. "पण आक्का आधीच्या आहेत. आक्कांना माहीत असणारच."

वहिनींचा मुलगा भिंतीला टेकून हसला. तो विम्याच्या धंद्यात होता. शाळेत असल्यापासून शर्टाचं वरचं बटण लावायचा म्हणून घरात त्याला साहेब म्हणत. "आत्याच कशाला? काकाही इथेच वाढलेत की. काय काका? तुम्हालाही कमानी दिसल्या नाहीत?"

भाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "त्या वयात भिंतीकडे कोण बघतं?"

किल्ल्यांचा जुडगा आक्काच्या हातात थांबला. कारण भाऊ खोटं बोलत होता. कमानींखाली घड्याळजीचं दुकान होतं, जुन्या पुस्तकांचं होतं, चहाचा कट्टा होता. शाळा सुटल्यावर हाच भाऊ तिथे तासन्‌तास पडीक असायचा. तो आपल्याला वाचवायला खोटं बोलला, असं तिला वाटलं. म्हणजे त्याला माहीत होतं. बावन्न वर्षं तो मूग गिळून बसला होता.

"विकून टाका," आक्का एकदम म्हणाली.

मुकादमाने हातोडी खाली ठेवली.

"काय म्हणालीस?" चिमणीने विचारलं.

"विकून टाका म्हटलं. पार्किंगवाल्यांना द्या. पाडू देत. कशाला हव्यात कमानी नि बिमानी? वहिनी, कुठे सही करायची सांगा."

वहिनी खुर्चीतून अर्धवट उठल्या. महिनाभर ज्या नणंदेच्या नावाने त्या मनात बोटं मोडत होत्या, तीच ताट वाढून पुढे ठेवत होती, आणि आता ते उचलावं की नाही हेच त्यांना कळेना. "अहो पण... म्हणजे बरंच झालं. पण असं अचानक?"

"आत्या, माझ्यावर रागावलीस का?" चिमणीचा आवाज चिरकला. "मी चारचौघांत विचारलं म्हणून? अगं, पण ही इमारत पाडायची? तू? तू तर दिवाळं निघालेल्या भाडेकरूचं टेबलसुद्धा कापडाने पुसून ठेवतेस!"

"आई, पेन आहे माझ्याकडे," साहेब म्हणाला.

"तू गप रे!" वहिनी त्याच्यावरच खेकसल्या.

आक्का जिन्याकडे निघाली. भाऊने पाय आखडून तिला वाट दिली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं समोरचं ऑफिस दोन वर्षांपासून रिकामं होतं. टेबलं गेली होती, पण ती जिथे होती तिथली फरशी अजून उजळ होती. कोपऱ्यात टेलिफोनच्या वायरींचा गुंता लोंबत होता. आक्का या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, परत आली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. खाली एक बाई हातगाडीत मूल घेऊन येत होती. इमारतीच्या कोपऱ्यावर पोचल्यावर ती थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून गेली.

बावन्न वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. संप चिघळला होता, मोर्चा निघाला होता. आक्का वीस वर्षांची होती आणि तळमजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये, इमारतीच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. दगड येऊ लागले. केबिनची काच फुटली आणि तिची डावी भुवई फाटली. ती खूण अजून होती. एका हाताने कपाळ दाबून तिने वर अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, 'जाळ्या ओढ. सगळ्या. कुलूप घाल. कुणालाही आत घ्यायचं नाही.'

तिने ओढल्या. पाच कमानी, पाच लोखंडी जाळ्या. शेवटची ओढताना पलीकडून हात आले. दहा, वीस, किती तरी हात जाळीतून आत आले. मागून पोलिसांचे घोडे येत होते आणि माणसं जाळीवर चेंगरत होती. त्या माणसांत तिला भाऊ दिसला. तोंड उघडून तो काहीतरी ओरडत होता. कुलपात किल्ली होती आणि किल्ली तिच्या हातात होती. तिने ती फिरवली, आणि ज्या बाजूला फिरवायला नको होती त्या बाजूला फिरवली.

भाऊचा पाय तीन ठिकाणी मोडला. घराबाहेर सांगितलं गेलं की तो बसमधून पडला. पुढे घरातही तेच सांगितलं जाऊ लागलं. सहा महिन्यांत अण्णांनी घड्याळजीला, पुस्तकवाल्याला, सगळ्यांना काढलं आणि कमानी बुजवून भिंत घातली. जुने फोटोसुद्धा त्यांनी खाली उतरवले. आक्काने लग्न केलं नाही. का, ते तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, इमारतीकडे कोण बघणार? कमानी उघडल्या, की 'का बुजवल्या होत्या' हा प्रश्न आलाच. आणि त्या प्रश्नापुढे तिचा जीव टांगणीला लागायचा.

जिन्यात काठीचा आवाज आला. एक ठोका, एक पाऊल, एक श्वास. चाळीस पायऱ्या चढायला भाऊला बराच वेळ लागला. रोजच्या सवयीने ती त्याचा हात धरायला दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

"कशाला चढलास? गुडघा दुखेल रात्रभर."

"दुखू दे." तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. धाप लागली होती. "आक्का, तू का विकायला निघालीस?"

"तुला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"उगाच वेड पांघरू नकोस भाऊ! मगाशी खोटं बोललास खाली. माझ्यासाठी बोललास. कुलूप मी लावलं. तुला बघून लावलं. तू मला बघितलंस, मी तुला बघितलं, आणि मी किल्ली फिरवली." हे सगळं ती एका दमात बोलली आणि मग तिला बसायला जागा सापडेना. खोलीत एकही खुर्ची नव्हती. ती उभीच राहिली. "आता बोल. बावन्न वर्षं बोलला नाहीस, आता बोल."

भाऊ बराच वेळ तिच्या डाव्या भुवईकडे बघत राहिला.

"मी तुझ्यासाठी खोटं नाही बोललो," तो म्हणाला. "माझ्यासाठी बोललो."

"म्हणजे?"

"तो दगड माझा होता."

आक्काला आधी कळलंच नाही. "कुठला दगड?"

"तुझ्या काचेवरचा. मी मोर्च्यात होतो, आक्का. अडकलो बिडकलो नव्हतो. सकाळपासून होतो, पहिल्या रांगेत. अण्णांनी आदल्या दिवशी मला सगळ्यांसमोर मुस्काटात मारली होती, आठवतं? संपवाल्यांची पत्रकं वाटली म्हणून. म्हटलं, आज त्यांच्या इमारतीची एक तरी काच फोडायचीच. तू जेवायला गेली असशील असं वाटलं होतं. काच फुटली आणि आत तू उभी राहिलीस. तोंडावर रक्त." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "मी जाळीपाशी धावलो तो तुला बघायला. आत यायला नव्हे. ओरडत होतो ते, आक्का, डोळा आहे का, डोळा आहे का, असं."

खिडकीखालून एक बस गेली आणि काचा थरथरल्या.

आक्काला वाटलं होतं, हे कधी बोललं गेलं तर आपण रडू. किंवा छातीवरचा धोंडा उतरेल, पुस्तकात उतरतो तसा. पण तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"बावन्न वर्षं!" ती म्हणाली. "बावन्न वर्षं मी तुझ्या पायाकडे बघून जेवलेय. रोज जिन्यात तुझा हात धरलाय. पावसात, थंडीत, तापाने फणफणलेली असताना धरलाय! आणि तू धरू दिलास?"

"तू धरायचीस म्हणून धरू द्यायचो. मला वाटायचं, तुला बरं वाटतं."

"बरं वाटतं! अरे मेल्या, मला एक माणूस विचारत होता. चौथ्या मजल्यावरचा. चांगला होता. मी त्याला नाही म्हटलं. भावाचा पाय आपण मोडला नि आपण संसार थाटायचा, हे जमेना मला!"

"तो विमा कंपनीतला? चष्मेवाला?"

"चष्मा कुठे होता त्याला? तुझं लक्ष होतं कुठे?"

"तोच ना, जो शिंकला की तीन मजले ऐकू जायचं?"

आणि आक्काला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. ती खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसली, हसली, मग हसता हसता तिने त्याच्या दंडावर एक जोरात चापट मारली आणि मग ती रडली. भाऊने तिच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो तिने झटकला. त्याने दुसऱ्यांदा ठेवला, तेव्हा राहू दिला.

"मी तुला माफ वगैरे केलेलं नाही," ती नाक पुसत म्हणाली.

"मी तरी कुठे केलंय?" भाऊ म्हणाला. "पाय दुखतोच की."

ती दोघं खाली आली तेव्हा चिमणी नकाशे गुंडाळत होती. साहेब फोनवर कुणाला तरी 'हो, हो, जवळजवळ नक्की' असं सांगत होता. आक्काने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, बंद केला आणि त्याच्याच खिशात टाकला.

"एकदाच सांगते," ती म्हणाली. "मधे बोलायचं नाही."

तिने सांगितलं. कुलपाचं तिने सांगितलं आणि दगडाचं भाऊने सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चिमणी बापाकडे बघत राहिली. आयुष्यभर बसवर राग धरून होती बिचारी. बापाला पाडलं म्हणून कॉलेजलाही चालत जायची. साहेबाने वरचं बटण सोडलं.

बोलल्या त्या वहिनी. "म्हणजे सासऱ्यांनी आपल्या पोरांची भांडणं विटांत चिणली, आणि मी पंचेचाळीस वर्षं इथे आले की भरदिवसा ट्यूबलाइट लावून बसले?" त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि उघड्या पडलेल्या दगडावर हात फिरवला. "मुकादम, ही कोपऱ्यातली कमान किती रुंद निघेल?"

"आठ फूट तर सहज."

"ऊन येईल?"

"सकाळचं येईल. पूर्वच आहे ही."

वहिनींनी दगडावरचा हात काढला नाही. "मी शिवणकाम शिकले होते," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "लग्नाच्या आधी. पदविका आहे माझी. सासऱ्यांना म्हटलं होतं, खाली एक मशीन टाकते. ते म्हणाले, आपल्या घरच्या बायका रस्त्यावर बसत नाहीत."

"आई," साहेब म्हणाला, "पार्किंगवाले उद्या येणार आहेत."

"येऊ देत. चहा पाज त्यांना." वहिनी वळल्या. "कोपऱ्यातली माझी. आणि चिमणे, दुकानात आरसा पुरुषभर उंच हवा. नाही तर मी सही करायची नाही."

"काकू, तुम्हाला छतापर्यंत आरसा देते!"

"छतापर्यंत नको. पुसायचा कुणी?"

आक्काने सही केली, भाऊने केली, वहिनींनी आधी सगळं पत्र दोनदा वाचलं आणि मग केली. मग कुठल्या कमानीत काय, यावरून लगेच भांडण सुरू झालं. भाऊला पुस्तकांचं दुकान हवं होतं, साहेबाला, हरलाच आहे तर निदान, एखाद्या मोठ्या कॉफी-कंपनीची शाखा हवी होती, आणि चिमणीचं म्हणणं होतं की मधल्या कमानीत काहीच नको, ती नुसती उघडी राहू दे, माणसं आरपार जाऊ देत. मुकादम कंटाळला. तो म्हणाला, सही झाली ना, मग एक तरी वीट काढून बघतो. परवानगी येईपर्यंत दम धरा, असं चिमणी म्हणेपर्यंत त्याची पहार विटेखाली गेली होती.

वीट निघाली. तिच्यामागे दुसरी होती, तीही निघाली, आणि बाहेरचा गिलावा फुटून मुठीएवढं भोक पडलं. रस्त्याचा आवाज एकदम आत आला. हॉर्न, पावलं, कुणाचं तरी बोलणं. आक्काचा हात आपोआप भुवईकडे गेला. तिला पळून जावंसं वाटलं, पण ती हलली नाही.

अकरा महिने लागले. मधे पावसाने काम अडलं, एका खांबाला तडा निघाला, दातांच्या डॉक्टरने धुळीची तक्रार केली आणि वहिनी नि चिमणी आरशावरून तीन आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुस्तकांचं दुकान झालं नाही; त्या जागी सायकली दुरुस्त करणारी दोन बहिणींची जोडी आली आणि भाऊ दिवसभर तिथेच बसून सल्ले देऊ लागला. वरचे दोन मजले भरले. मधली कमान उघडीच राहिली.

आक्काची तळमळ मात्र पूर्ण गेली नाही. गर्दी वाढली की तिच्या छातीत अजून धडधडायचं, आणि भाऊशी ती आता पूर्वीपेक्षा जास्त भांडायची. जिन्यात हात धरणं तिने सोडलं होतं. भाऊने कठड्याला धरून चढायला सुरुवात केली आणि त्याला ते चांगलं जमत होतं, याचाही तिला राग यायचा.

एका संध्याकाळी, सातच्या सुमारास, ती खाली आली. कमानीखालच्या दगडी बाकावर एक मुलगा आणि एक मुलगी अगदी चिकटून बसली होती. शेजारी भाजीच्या दोन पिशव्या ठेवून एक म्हातारा दम खात होता. सायकलवाल्यांकडून हातोडीची टकटक येत होती, वहिनींच्या दुकानात कुणीतरी आरशासमोर गोल फिरत होतं. आक्का बाकासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मुलगा घाबरून ताठ बसला.

"इथे बसायचं नाही का?" मुलीने विचारलं.

आक्काने रस्त्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"सरका जरा," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसली.